प्रपंचातला सावध ख्रिस्ती : संत थॉमस मोर

संत पौलाने इफिस येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक साधा उपदेश केला आहे. आपण कसे चालतो-वागतो ह्याकडे नीट लक्ष द्यावे, शहाण्या माणसासारखे जगावे, हाती आलेल्या वेळेचे सोने करावे आणि प्रभूची इच्छा काय आहे ते ओळखावे, असा त्याचा आशय आहे. मिस्सामध्ये हे वाचन आपण पुष्कळदा ऐकले आहे. ऐकताना ते पटते. पण सोमवार उजाडला की प्रश्न पडतो, हे शहाणपण नोकरीत, बाजारात, भावकीच्या व्यवहारात आणि मुलांच्या संगोपनात उतरवायचे कसे? सरळ वागले तर लोक भोळा म्हणतात. जपून वागले तर भित्रा म्हणतात. मग ख्रिस्ती माणसाने नेमके काय व्हावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर मठातल्या संतापेक्षा प्रपंचातल्या संताकडे शोधलेले बरे. संत थॉमस मोर हे असे संत आहेत. ते वकील होते, न्यायाधीश होते, मुलाबाळांचे बाप होते. दर वर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा त्यांचा आणि बिशप संत जॉन फिशर ह्यांचा सण पाळते. धर्मासाठी त्यांनी मान दिली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पण ते मरण एका दिवसात घडले नाही. त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचे सावध आणि प्रामाणिक जगणे होते. आज आपण त्या जगण्याकडे पाहू.

मठ की प्रपंच?

थॉमस मोर ह्यांचा जन्म १४७८च्या सुमारास लंडन शहरात झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्या घरी सेवेला होते. पंक्तीला वाढायचे आणि वाढता वाढता मोठ्यांचे बोलणे-वागणे शिकायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. पुढे सुमारे दोन वर्षे ते ऑक्सफर्डला शिकले. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून ते लंडनला परतले आणि लिंकन्स इन ह्या संस्थेत कायदा शिकून वकील झाले.

ह्याच काळात त्यांच्या मनात संन्यासाची ओढ निर्माण झाली. लंडनमध्ये कार्थुसियन संन्याशांचा मठ होता. सुमारे चार वर्षे त्यांनी व्रत न घेता त्या संन्याशांच्या प्रार्थनेत भाग घेतला. आपल्याला देवाचे बोलावणे कशासाठी आहे हे ते शोधत होते. घाईने झगा चढवला नाही, घाईने लग्नही केले नाही. पुष्कळ विचार आणि प्रार्थना करून त्यांनी ठरवले की, आपला मार्ग संसाराचा आहे. १५०५च्या सुमारास त्यांनी जेन कोल्ट ह्यांच्याशी विवाह केला. मात्र मठातून त्यांनी एक शिदोरी आणली होती. प्रार्थनेची शिस्त त्यांनी कधी सोडली नाही, आणि अंगावरच्या उंची कपड्यांखाली ते प्रायश्चित्तासाठी केसांचा बोचरा सदरा घालीत. घरातही ही गोष्ट फार थोड्यांना माहीत होती.

घर हीच पहिली शाळा

जेन आणि थॉमस ह्यांना मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन अशी चार मुले झाली. १५११ साली जेन वारल्या. चारही मुले अजाण होती. थॉमस ह्यांनी लवकरच ॲलिस मिडल्टन ह्या विधवा बाईंशी लग्न केले. ॲलिसबाई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ, पण घर सांभाळायला खमक्या होत्या. त्यांनी सावत्र मुलांना आपलेसे केले, आणि थॉमस ह्यांनी त्यांच्या मुलीला आपले मानले.

त्या काळी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. थॉमस ह्यांनी मात्र आपल्या मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवले. थोरली मार्गारेट इतकी विद्वान झाली की, प्रभूच्या प्रार्थनेवरील इरॅस्मस ह्यांच्या पुस्तकाचे तिने केलेले इंग्रजी भाषांतर छापले गेले. थॉमस कामानिमित्त परगावी असले की मुलांना पत्रे लिहीत आणि मुलांकडून पत्रांची अपेक्षा करीत. मुलांसाठी पैसा कमवायचा आणि वेळ मात्र द्यायचा नाही, असे त्यांनी केले नाही.

१५२४च्या सुमारास हे कुटुंब थेम्स नदीच्या काठी चेल्सी येथे राहायला गेले. ह्या घराचा नेम त्यांचे जावई, म्हणजे मार्गारेटचे पती विल्यम रोपर, ह्यांनी लिहून ठेवला आहे. रात्री झोपण्यापूर्वी मालक, मालकीण, मुले आणि नोकर सगळे एकत्र प्रार्थना करीत. जेवताना पवित्र शास्त्राचे वाचन होई, त्यावर चर्चा होई आणि मग थट्टामस्करीला ऊत येई. प्रार्थना करणारे घर म्हणजे लांब चेहऱ्यांचे घर, असा थॉमस ह्यांचा समज नव्हता. शुक्रवारचा दिवस शक्यतो ते एकांतात, प्रार्थनेत आणि अभ्यासात घालवीत. रविवारी चेल्सीच्या चर्चमध्ये ते गायकवृंदात उभे राहून गात. देशातील सर्वांत मोठ्या पदांपैकी एकावर असतानाही त्यांनी हे गाणे सोडले नाही. नॉरफोकच्या ड्यूकला हे कमीपणाचे वाटले. राजाच्या राजाची सेवा केल्याने आपला राजा रागावणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन थॉमस हसले.

जळालेले कोठार

१५२९ साली घडलेली एक घटना आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. थॉमस राजदरबाराबरोबर दूर होते. इकडे चेल्सीला आग लागली आणि धान्याने भरलेली कोठारे जळून खाक झाली. शेजाऱ्यांचेही धान्य गेले. बातमी कळताच थॉमस ह्यांनी ॲलिसबाईंना पत्र लिहिले. ते पत्र आजही वाचायला मिळते.

पत्रात त्यांनी आधी सांगितले की, देवाने दिले होते आणि देवाच्या परवानगीने गेले, तेव्हा सगळ्या घराला घेऊन चर्चमध्ये जावे, जे गेले त्याबद्दल आणि जे उरले त्याबद्दलही देवाचे आभार मानावेत. मग ते व्यवहाराकडे वळले. आपल्या घरामुळे कोणा गरीब शेजाऱ्याचे किती नुकसान झाले ह्याची चौकशी करावी आणि ते भरून द्यावे. त्यासाठी घरात एक चमचाही उरला नाही तरी चालेल, पण कोणी शेजारी आपल्यामुळे बुडता कामा नये. पुढे घरच्या धान्याची आणि बियाण्याची सोय काय करायची, जमीन ठेवायची की सोडायची ह्याचा विचार करायला सांगितला. शेवटी बजावले की, खर्च कमी करावा लागला तरी कोणाही कामकऱ्याला एकाएकी काढून टाकू नये. त्याला कुठे जायचे ते आधी ठरू द्यावे.

देवावर विश्वास आणि हिशेबाची वही, दोन्ही ह्या एकाच पत्रात आहेत. आपण बहुधा दोहोंपैकी एक धरतो. संकट आले की काही जण नुसती प्रार्थना करतात आणि काही जण नुसती धावपळ. थॉमस ह्यांनी आधी देवाचे आभार मानले, मग शेजाऱ्याचे देणे पाहिले आणि शेवटी स्वतःच्या घराचा विचार केला. ही क्रमवारी म्हणजेच ख्रिस्ती शहाणपण.

खुर्चीवर बसलेला माणूस

थॉमस ह्यांची हुशारी आणि सचोटी लपून राहणारी नव्हती. १५१० साली ते लंडनचे उपशेरीफ झाले. १५१६ साली त्यांचे यूटोपिया हे प्रसिद्ध पुस्तक निघाले. राजा आठवा हेन्री ह्याने त्यांना आपल्या सेवेत घेतले. १५२३ साली ते पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले, आणि सभासदांना निर्भयपणे बोलता यावे अशी विनंती त्यांनी राजाला केली. ऑक्टोबर १५२९मध्ये ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजाच्या खालोखाल मानाचे असे हे पद होते.

एवढ्या मोठ्या पदावरही त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. त्यांचे वृद्ध वडील वेस्टमिन्स्टरच्या इमारतीतच न्यायाधीश होते. स्वतःच्या न्यायासनाकडे जाताना वडील तिथे बसलेले दिसले, तर थॉमस सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत आणि मग कामाला लागत.

खटले वर्षानुवर्षे पडून राहत, ते त्यांनी झपाट्याने निकालात काढले. एक दिवस असा आला की, पुढचा खटला बोलवा म्हटल्यावर एकही शिल्लक नव्हता, असे सांगतात. दुपारनंतर ते आपल्या दिवाणखान्यात बसत आणि गरिबातला गरीबही तेथे तक्रार घेऊन येऊ शके. त्यांच्या एका जावयाचा खटला त्यांच्यापुढे आला. सासऱ्याच्या भरवशावर जावयाने कोणाची मध्यस्थी मानली नाही. थॉमस ह्यांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला.

भेटवस्तूंच्या बाबतीत ते फार जागरूक होते. एका बाईचा खटला त्यांनी न्यायाने तिच्या बाजूने निकालात काढला होता. नववर्षाची भेट म्हणून तिने हातमोज्यांची जोडी आणली, आणि मोज्यांत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी भरली होती. थॉमस ह्यांनी मोजे ठेवून घेतले, कारण बाईमाणसाची भेट नाकारणे बरे दिसले नसते. नाणी मात्र परत केली. दुसऱ्या एका प्रसंगी कोणी सोन्याचा मुलामा दिलेला पेला आणला. त्यांनी त्यात मद्य ओतवून आणणाऱ्या बाईच्या नावाने घोट घेतला, मग तोच पेला भरून तिच्या हाती दिला आणि आपली भेट म्हणून तिच्या नवऱ्याला पाठवला. समोरच्याचा अपमान झाला नाही आणि हातही मळले नाहीत. लाच नाकारणे हे धैर्याचे काम आहेच, पण ती कोणाला न दुखावता नाकारणे हे शहाणपणाचे काम आहे.

एक गोष्ट येथे लपवून चालणार नाही. चॅन्सेलर असताना थॉमस मोर ह्यांनी पाखंडी मानल्या गेलेल्या लोकांविरुद्ध कायदा कठोरपणे राबवला. त्यांच्या कारकिर्दीत सहा जणांना जाळून मारण्यात आले आणि काहींच्या चौकशीत त्यांचा स्वतःचा भाग होता. आज आपल्याला ते योग्य वाटत नाही आणि वाटूही नये. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आणि राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले, तेव्हाही ह्या बाबतीत त्यांच्यावर त्या काळाच्या मर्यादा होत्या, हे मान्य केले. संतही आपल्या काळाची लेकरे असतात. त्यांचे सगळेच अनुकरणीय असते असे नाही.

पद गेले, झोप गेली नाही

राजा हेन्रीला राणी कॅथरीनपासून मुलगा झाला नाही. तो विवाह रद्द ठरवून ॲन बोलीनशी लग्न करण्याचा त्याने हट्ट धरला. रोमहून परवानगी मिळेना, तेव्हा इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा प्रमुख आपणच, असे म्हणायला त्याने सुरुवात केली. १५ मे १५३२ रोजी धर्मगुरुवर्ग राजापुढे नमला. दुसऱ्याच दिवशी थॉमस ह्यांनी राजीनामा दिला. त्यांनी राजाविरुद्ध भाषण केले नाही, कोणाला चिथावले नाही. ज्या गोष्टीत आपल्याला सामील होता येत नाही तिच्यापासून ते शांतपणे दूर झाले.

ही बातमीही त्यांनी आपल्या पद्धतीने सांगितली. मिस्सा संपल्यावर त्यांचा एक सेवक ॲलिसबाईंच्या बाकाजवळ येऊन धनी निघाल्याचे सांगत असे. त्या दिवशी थॉमस स्वतःच टोपी हातात घेऊन बाकाशी गेले आणि धनी गेल्याचे सांगितले. ॲलिसबाईंना आधी ती थट्टाच वाटली.

उत्पन्न एकदम घटले. त्यांनी मुलासुनांना, लेकीजावयांना एकत्र बसवले आणि खरी परिस्थिती सांगितली. राहणी एकेक पायरी खाली आणू, विद्यार्थिदशेत जेवत होतो तसे जेवू, आणि तेही परवडेना तर झोळी घेऊन दारोदारी मारियामातेचे गीत गात फिरू, पण एकत्र राहू, असे हसत हसत समजावले. आपल्या नोकरांना त्यांनी दुसरीकडे चांगल्या जागा मिळवून दिल्या. बिशप मंडळींनी त्यांच्या धर्मविषयक लिखाणाबद्दल चार-पाच हजार पौंड जमवून देऊ केले, तेव्हा त्यांनी एक पैसाही घेतला नाही. उत्पन्न कमी झाल्यावर घरच्यांपासून ते लपवायचे आणि कर्ज काढून थाट टिकवायचा, ही चूक अनेक घरे बुडवते. थॉमस ह्यांचे घर त्यातून वाचले.

जपून ठेवलेले पत्र

१ जून १५३३ रोजी ॲन बोलीनचा राज्याभिषेक झाला. थॉमस गेले नाहीत, आणि राजाचा राग वाढला. त्यांच्यावर लाचेचे आरोप शोधण्यात आले, ते टिकले नाहीत. मग एलिझाबेथ बार्टन नावाच्या एका संन्यासिनीच्या प्रकरणात त्यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. तिला दर्शने होतात अशी ख्याती होती, आणि राजाने ॲनशी लग्न केले तर त्याचे राज्य जाईल, असे ती सांगत होती. लोक तिच्याकडे धाव घेत होते. थॉमस तिला भेटले होते. परंतु त्या वेळीच त्यांनी तिला पत्र लिहून सल्ला दिला होता की, राजाच्या आणि राज्यकारभाराच्या गोष्टी तिने कोणाशीही बोलू नयेत. त्या पत्राची नक्कल त्यांनी ठेवली होती. ती त्यांनी पुढे केली. १५३४च्या आरंभी आरोपींच्या यादीतून त्यांचे नाव काढावे लागले. त्या बाईंना मात्र त्याच एप्रिलमध्ये फाशी झाली.

हुतात्मा होणारा माणूस पत्राची नक्कल जपून ठेवतो, ह्यात विसंगती नाही. आपला जीव देवाने दिलेला आहे, तो निष्काळजीपणे उधळायचा नसतो. प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांना पाठवताना निष्कपटपणाबरोबर चातुर्य बाळगायला सांगितले होते.

मौन आणि शपथ

१५३४च्या वसंतात नवा कायदा आला. ॲनची मुले गादीचे वारस ठरली आणि तशी शपथ प्रजेवर लादण्यात आली. १३ एप्रिल रोजी थॉमस ह्यांना लॅम्बेथ येथे बोलावणे आले. ते पापनिवेदन करून, मिस्सा ऐकून निघाले. एरवी बायकामुले त्यांना नावेपर्यंत पोहोचवायला येत आणि ते सर्वांचे मुके घेऊन निरोप घेत. त्या दिवशी त्यांनी फाटक आपल्या मागे ओढून घेतले. पुढे काय आहे ते त्यांना कळले होते.

त्यांनी शपथेचा मजकूर शब्दन् शब्द वाचला. गादीचा वारस कोण हे पार्लमेंटने ठरवावे, ते त्यांना मान्य होते. पण शपथेच्या शब्दांत त्यापेक्षा अधिक होते, आणि ते त्यांच्या विवेकाला मान्य नव्हते. त्यांनी शपथ नाकारली, पण कारण सांगितले नाही. ज्यांनी शपथ घेतली त्यांना दोषही दिला नाही. नकाराची शिक्षा कैद होती, मृत्यू नव्हे, आणि जो बोललाच नाही त्याला राजद्रोही ठरवणे कायद्याने कठीण होते. हे वकील असलेल्या थॉमस ह्यांना पक्के माहीत होते.

१७ एप्रिलला त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये बंदिस्त केले गेले. ते तेथे सुमारे पंधरा महिने होते. त्यांच्या आणि नोकराच्या जेवणासाठी दर आठवड्याला पंधरा शिलिंग भरावे लागत. त्यासाठी ॲलिसबाईंना आपले कपडे विकावे लागले. त्या भेटायला आल्या तेव्हा चांगल्याच रागावल्या. चांगले घर, बाग, पुस्तके सोडून ह्या घाणीत उंदरांच्या सोबतीने कशाला राहायचे, हे त्यांना समजेना. थॉमस ह्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. लाडकी मार्गारेट भेटायला आली की दोघे आधी प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे आणि लितानी म्हणत, मगच बोलत. तिनेही शपथ घेण्याची गळ घातली. खरी परीक्षा ही होती. राजाला नकार देणे त्यामानाने सोपे होते, पण ज्यांच्यावर जीव होता त्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून नकार देणे फार कठीण होते. आपला विवेक कोणाच्याही खिशात ठेवता येत नाही, लेकीच्याही नाही, हे त्यांनी तिला प्रेमाने समजावले.

तुरुंगात त्यांनी संकटात मिळणाऱ्या सांत्वनाविषयी आणि ख्रिस्ताच्या गेथसेमानी बागेतील दुःखाविषयी लिहिले. पुस्तके आणि लेखनसाहित्य काढून घेतल्यावर ते कोळशाने लिहीत. मरणाची त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. प्रभूलाही त्या बागेत भीतीने ग्रासले होते, हा त्यांचा आधार होता.

शेवटचा प्रवास

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे खटला चालला. रिचर्ड रिच ह्या सरकारी वकिलाने साक्ष दिली की, आपल्याशी तुरुंगात बोलताना थॉमस ह्यांनी राजाचे प्रमुखपद नाकारले. जे आपण राजालाही सांगितले नाही ते अशा माणसाला सांगू काय, असे थॉमस ह्यांनी न्यायालयाला विचारले. पण जूरीने थोड्याच वेळात त्यांना दोषी ठरवले. आता मौनाची गरज संपली होती. तेव्हा ते मोकळेपणाने बोलले : ख्रिस्तसभेचे प्रमुखपद कोणत्याही राजाला कायद्याने देता येत नाही. मग न्यायाधीशांकडे पाहून त्यांनी आशा व्यक्त केली की, संत स्तेफनाच्या हत्येला संमती देणारा पौल आज स्वर्गात त्याच्याबरोबर आहे, तसेच आपणही सगळे तेथे आनंदाने भेटू.

टॉवरकडे परत नेताना मार्गारेट पहारेकऱ्यांचे कडे तोडून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. मरणाच्या आदल्या दिवशी थॉमस ह्यांनी तो बोचरा सदरा तिच्याकडे पाठवून दिला. ६ जुलै १५३५ रोजी टॉवर हिल येथे त्यांचा शिरच्छेद झाला. लाकडी पायऱ्या डळमळत होत्या. चढताना हात द्या, उतरण्याचे माझे मी पाहीन, असा विनोद त्यांनी तेथेही केला. राजाचा निरोप होता की थोडकेच बोलावे, तोही त्यांनी पाळला. आपण राजाचे चांगले सेवक म्हणून मरतो आहोत, पण आधी देवाचे, एवढेच त्यांनी सांगितले. १९३५ साली पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या घरासाठी

थॉमस मोर ह्यांनी संकटाला आमंत्रण दिले नाही. कायद्याने, सौम्य शब्दांनी, मौनाने, राजीनाम्याने, जी जी वाट खुली होती ती त्यांनी धरली. एकच दार उरले आणि त्यातून जायला खोटी शपथ घ्यावी लागणार होती, तेव्हा ते थांबले. सावधपणा आणि भित्रेपणा ह्यांतला फरक येथे दिसतो. भित्रा माणूस स्वतःला वाचवण्यासाठी सत्य सोडतो. सावध माणूस सत्य धरून जितके वाचवता येईल तितके वाचवतो.

आपल्यापैकी कोणाला राजापुढे उभे राहावे लागेल असे नाही. पण सही करण्यापूर्वी कागद वाचणे, कोणाच्या भेटीमागे काय आहे ते ओळखणे, शेजाऱ्याचे नुकसान भरून देणे, कामवालीला एकाएकी न काढणे, उत्पन्न घटले तर घरच्यांना विश्वासात घेणे, आणि झोपण्यापूर्वी सर्वांनी मिळून प्रार्थनेला बसणे, हे तर आपल्याला ह्याच आठवड्यात जमण्यासारखे आहे. हातमोज्यांतली नाणी परत करण्याची सवय होती, म्हणून पुढे शपथ परत करता आली. लहान गोष्टींत विवेक विकत गेलो, तर मोठ्या प्रसंगी द्यायला तो आपल्याजवळ उरणार नाही.

ह्या आठवड्यात कुटुंब प्रार्थनेच्या वेळी आपण प्रभूकडे एवढेच मागू या, की जपून वागण्याचे शहाणपण आणि जेथे थांबायचे तेथे थांबण्याचे बळ, ही दोन्ही त्याने आपल्याला द्यावीत.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती कर.